बारडोली १९२८: लिलाव पुकारला, पण बोली लावणार कोण?

"जप्त मालमत्तेचा लिलाव झाला" हे वाक्य शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं आणि आपण पुढे जातो. पण लिलाव काय आपोआप होतो का? कुणीतरी खातेदाराचं घर दाखवावं लागतं, कुणीतरी दावं सोडून म्हैस बाहेर काढावी लागते, ती ठाण्यापर्यंत हाकत न्यावी लागते, तिथे तिला वैरणपाणी करावं लागतं, पंचनाम्यावर पंचांच्या सह्या लागतात, दवंडी पिटणारा लागतो आणि सगळं झाल्यावर पैसे घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक लागतं. यातला एक जरी माणूस नाही म्हणाला तरी साहेबाची पंचाईत होते. १९२८ साली सुरत जिल्ह्यातल्या बारडोली तालुक्यात, शेतकऱ्यांनी वाढीव शेतसारा भरायला नकार दिला तेव्हा, हे सगळेच्या सगळे नाही म्हणाले, आणि म्हणून मला हे प्रकरण सत्याग्रहाचा इतिहास म्हणून जेवढं वाचावंसं वाटतं त्यापेक्षा जास्त एका फसलेल्या लिलावाची केस म्हणून वाचावंसं वाटतं.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण आकडे डोक्यात बसल्याशिवाय पुढचं कळत नाही. बारडोली तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे पुणे, सातारा, खानदेशावर जे सरकार तेच बारडोलीवर. रयतवारी, म्हणजे मध्ये जमीनदार नाही, खातेदार थेट सरकारला सारा भरणार. तालुक्यात १३७ गावं, लोकसंख्या ८८,००० च्या आसपास, काळी जमीन आणि मुख्य पीक कापूस. कणबी पाटीदार, अनाविल ब्राह्मण, वाणी, काही मुसलमान आणि पारशी, आणि खालच्या थरात आदिवासी आणि हाळी, म्हणजे कर्जापोटी मालकाला बांधलेले गडी म्हणून राबणारे दुबळा जमातीचे मजूर (यांच्याबद्दल शेवटी बोलायचंय). साऱ्याची आकारणी साधारण ३० वर्षांनी बदलायची असा नियम, आधीची १८९६ ची, म्हणून १९२० च्या दशकात फेरआकारणी आली. काम दिलं एम. एस. जयकर नावाच्या डेप्युटी कलेक्टरकडे (मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ते हे नव्हेत). त्यांनी सरसकट २५ टक्के वाढ सुचवली, शिवाय काही गावं वरच्या गटात ढकलली, त्यामुळे एकूण वाढ ३० टक्क्यांवर गेली, ५,१४,७६२ रुपयांचा सारा थेट ६,७२,२७३. त्यांच्या वरचे सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी २९ टक्के म्हटलं, आणि जुलै १९२७ मध्ये सरकारने २२ टक्के पक्के केले. म्हणजे तीन पायऱ्यांवर तीन वेगळे आकडे, आणि शेतकऱ्याला विचारलं कुणीच नाही.

वाढ का, तर म्हणे तालुका सुधारलाय. ताप्ती व्हॅलीची रेल्वे आली, पक्की घरं झाली, जनावरं वाढली, मजुरी दुप्पट झाली, धान्याचे आणि कापसाचे भाव चढले. आणि सगळ्यात वजनदार पुरावा कुठला, तर जमिनीचे खरेदी-विक्रीचे भाव आणि खंडाचे, म्हणजे जमीन दुसऱ्याला कसायला देऊन मिळणाऱ्या भाड्याचे दर चढलेत. इथे नीट थांबा, कारण अख्खं प्रकरण या एका मुद्द्यावर उभं आहे. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षं कापसाला जबरदस्त भाव होता, त्या तेजीत लोकांनी वाटेल त्या भावाने जमिनी घेतल्या, खंडही तसेच चढे झाले, आणि १९२५ नंतर भाव कोसळले. सरकारने तेजीचे कागद समोर ठेवले आणि त्यावरून शेतकऱ्याचा नफा काढला. शेतकऱ्यांच्या बाजूने काँग्रेसच्या नरहरी परीख वगैरे मंडळींनी गावोगाव जाऊन हिशेब मांडला की खंडाने दिलेली जमीन मुळात थोडीच आहे, आणि ज्याला खंड म्हणताय त्यातले कितीतरी कागद हे गहाणाचे, म्हणजे त्या आकड्यात जमिनीचा खंड कमी आणि कर्जाचं व्याज जास्त. पुण्याच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कुंझरू, वझे आणि ठक्करबाप्पा तिघं पुढे बारडोलीत जाऊन बघून आले. ही चळवळीतली माणसं नव्हेत, नेमस्त, घटनेच्या चौकटीत चालणारी. त्यांनीसुद्धा फेरचौकशीची मागणी रास्त आहे असंच सांगितलं.

शेतकऱ्यांचं पुढारपण करणाऱ्या वल्लभभाई पटेलांनी ६ फेब्रुवारी १९२८ ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांना पत्र लिहिलं, निःपक्ष चौकशी नेमा एवढंच मागणं, ते मान्य झालं नाही. १२ फेब्रुवारीला शेतकऱ्यांनी बारडोलीत शपथ घेतली की चौकशी होईपर्यंत किंवा जुना सारा पूर्ण रक्कम म्हणून घेतला जाईपर्यंत एक पैसा भरायचा नाही.

आता सरकारच्या हातात काय होतं ते बघू. १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा. सारा थकला की आधी नोटीस, थकबाकीवर चौथाई दंड, मग जंगम मालाची जप्ती आणि विक्री, आणि सगळ्यात जालीम उपाय म्हणजे खातंच खालसा करणं. खालसा केलेली जमीन सरकारजमा, सरकार ती कुणालाही देऊ शकतं. आजही महाराष्ट्राच्या १९६६ च्या महसूल संहितेत वसुलीच्या प्रकरणात मागणीची नोटीस, जप्ती, विक्री हीच उतरंड आहे, त्यामुळे तलाठी-तहसील कचेरीत ज्यांचा वावर आहे त्यांना हे शब्द अजिबात परके वाटणार नाहीत. कायद्यात एक सवलत होती, दिवाणी कायद्याने ज्या वस्तू जप्त करता येत नाहीत त्या महसुलासाठीही करता येत नाहीत, म्हणजे नांगराचे बैल, बियाणं, शेतीची अवजारं सुटली. मग उरलं काय? म्हैस. दुभती म्हैस नांगर ओढत नाही म्हणून ती कायद्याच्या ढालीबाहेर, आणि बारडोलीच्या घरात रोजचा रोख पैसा म्हणजे दूध-तूप, त्यामुळे बरोबर दुखऱ्या नसेवर बोट. मला वाटतं जप्ती अधिकाऱ्यांना हे चांगलंच माहीत होतं.

मग सुरू झालं ते अजब होतं. जप्तीची टोळी येताना दिसली की झाडावर किंवा गावाच्या वेशीवर बसलेली पोरं ढोल वाजवायची, शंख फुंकायची, आणि दोन मिनिटांत गाव कुलूपबंद. दिवसभर दारं बंद, आत माणसं आणि जनावरं एकत्र. विहिरीचं पाणी रात्री, बाजारहाट रात्री, म्हशींना पाय मोकळे करायला सोडायचं तेही रात्री. एप्रिल, मे, सुरतेकडचा तो दमट उन्हाळा, मातीच्या घरात खिडकी नाही, धूर, शेण, मूत, डास, त्यात लहान पोरं आणि म्हातारी माणसं, आणि हे एक-दोन दिवस नाही तर महिनोन् महिने चाललं. म्हशींना उजेड मिळेना, अंग चोळून डुंबायला पाणी मिळेना, त्यांच्या कातडीचा काळा रंग उतरायला लागला, जखमा झाल्या. वल्लभभाई भाषणात म्हणायचे की बारडोलीच्या म्हशी आता गोऱ्या मडमा झाल्यात, लोक हसायचे. पण त्या हसण्यामागे काय होतं हे ज्याच्या घरात जनावर आहे त्याला विचारा. आजारी म्हैस दिवसभर अंधारात हंबरत असते, तिच्या शेजारी बसून राहायचं आणि दार उघडायचं नाही, यासाठी जो धीर लागतो तो लाठी खाण्याच्या धीरापेक्षा कमी नाही, आणि हा धीर बहुतेक बायकांनी धरलाय कारण गोठ्याची जबाबदारी त्यांची. इतिहासात पुढाऱ्यांची नावं आली, मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन, शारदाबेन मेहता यांची आली ते बरंच झालं, पण घराघरातल्या त्या बायांची नावं कुठे आली?

जिल्हाधिकाऱ्याने ढोल वाजवायलाही बंदी घातली. नुसत्या ढोलाने जप्ती अडते हे सरकारनेच कागदावर कबूल केल्यासारखं झालं.

आता साखळीतली माणसं बघा. जप्तीसाठी गावात शिरल्यावर हे घर कुणाचं, ही म्हैस कुणाची हे सांगणार कोण? पाटील आणि तलाठी. गावचा पाटील हा सरकारचा माणूस असतो पण तो गावातच राहतो, त्याच्या लेकीसुना गावात, त्याचं सुतक-सोयर गावात. मे महिन्यात साठाहून जास्त पाटलांनी राजीनामे दिले आणि दहाच्या वर तलाठ्यांनी नोकरी सोडली, तलाठ्याची तर पगाराची नोकरी होती. सामान उचलायला वेठिये लागतात, त्यांनी नकार दिला. गाडीवाले गाडी देईनात. रविशंकर महाराजांना सगळ्यात आधी पकडलं तेही गाडीवाल्यांना समजावत होते म्हणूनच. गावची माणसं मिळेनात म्हणून सरकारने मुंबईहून पठाण आणले. त्यांना ना भाषा येते ना माणसं ओळखू येतात, त्यामुळे दिसेल ते जनावर धरलं. ज्यांच्या नावावर खातंच नाही, ज्यांची साऱ्याची बाकीच नाही, अशांच्याही म्हशी ठाण्यात जाऊन बसल्या. कुंपणं तोडल्याच्या, चोऱ्यांच्या, बायकांना त्रास दिल्याच्या तक्रारी आल्या आणि सरकारने जाहीर केलं की पठाणांची वर्तणूक नमुनेदार आहे. या एका वाक्याने जेवढे लोक चिडले तेवढे दहा सभांनी चिडले नसते.

वालोडच्या ठाण्यात जप्त म्हशी बांधलेल्या असताना जवळच सभा चालू होती आणि म्हशी हंबरायला लागल्या, तेव्हा वल्लभभाई वार्ताहरांना म्हणाले की लिहून घ्या, आता वालोडच्या ठाण्यात म्हशीही भाषणं करतात. मला यातला ठाण्यातला भाग महत्त्वाचा वाटतो. कारण जप्त केलेल्या जनावराला रोज खायला लागतं, पाणी लागतं, दूध काढावं लागतं नाहीतर सड भरून ती आजारी पडते. भांडी जप्त केली तर कोपऱ्यात पडून राहतात, म्हैस पडून राहत नाही. तिच्या खर्चाचा मीटर चालू असतो, म्हणून तिला लवकर विकणं भाग. आणि तालुक्यात विकत घेणारा एकही नाही. शेवटी सुरतेहून कसाई बोलावून त्यांना पडेल भावात म्हशी दिल्या गेल्या. दुभत्या जनावराची किंमत दुधावर ठरते, कसाई देणार मांसाच्या हिशेबाने, त्यामुळे सरकारच्या खात्यात साऱ्यापोटी किरकोळ रक्कम जमा आणि शेतकऱ्याच्या घरातलं वर्षाचं दूध गेलं. तिकडे एका पारशी दुकानदाराची दारूची पिंपं जप्त झाली तिथेही तेच, बाकी थोडी आणि उचललेला माल तिच्या कितीतरी पट.

वाण्यांचं थोडं वेगळं. सरकारने पहिला नेम त्यांच्यावर धरला, व्यापारी माणूस घाबरून आधी भरेल असा हिशेब, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. वालोडच्या दोन वाण्यांनी महालकऱ्याशी, म्हणजे तिथल्या महसूल अधिकाऱ्याशी, संगनमत करून घरात नोटा सहज सापडतील अशा ठेवल्या, जप्तीवाले आले, नोटा "सापडल्या", सारा वसूल. वरून बघणाऱ्याला वाटावं जबरदस्तीने नेलं. गावाला कळलं तेव्हा प्रचंड बहिष्काराची भाषा झाली, पण वल्लभभाईंनी आवरलं, त्या दोघांनी चूक कबूल करून सत्याग्रहाच्या फंडाला पैसे दिले आणि विषय मिटवला. बहिष्कार हे दुधारी हत्यार आहे, जो भरेल त्याचं पाणी तोडा, डॉक्टर तोडा इथपर्यंत गाव सहज जाऊ शकतं. गांधीजींनी याबद्दल बजावलं होतं की जगण्याला लागणाऱ्या गोष्टी कुणाच्याही अडवायच्या नाहीत. हे दर वेळी दर गावात तंतोतंत पाळलं गेलं असेल असं मी म्हणणार नाही, दबाव होताच, आणि सरकारपक्ष तोच मुद्दा सारखा पुढे करायचा.

आता जमिनी.

जनावरांच्या लिलावात हात पोळल्यावर सरकारने मोठं हत्यार काढलं. खालसाच्या नोटिसा हजारोंनी निघाल्या, घराच्या दारावर चिकटवल्या जायच्या. ३१ मे ला सरकारने जाहीरनामा काढला की १,४०० एकर विकून झालेत, आणखी ५,००० एकर यथावकाश विकले जातील, एकदा विकलेली जमीन परत मिळणार नाही, आणि जे १९ जूनपर्यंत भरतील त्यांना चौथाई दंड माफ. तारीख नीट बघा, मे संपताना, मृगाच्या तोंडावर. पेरणीच्या आधी शेतकऱ्याला जमीन जाण्याची भीती सगळ्यात जास्त असते. भरले किती जणांनी? फारच थोड्यांनी.

मग त्या १,४०० एकरांना गिऱ्हाईक कोण मिळालं? तालुक्याबाहेरचे काही मोजके पैसेवाले, त्यात काही पारशी होते. लाखाच्या जमिनी मातीमोल भावात गेल्या, कारण सरकारला भाव नको होता, फक्त विक्री झाली असं दाखवायचं होतं. आणि इथेच मला या अख्ख्या केसचं मर्म दिसतं. तीन वर्षांआधी याच सरकारने याच तालुक्याचे जमिनीचे खरेदी-भाव पुढे करून सांगितलं की बघा किती चढेत, तुम्ही श्रीमंत झालात, सारा वाढवून द्या. आणि आता तीच काळी जमीन तेच सरकार थकलेल्या साऱ्याच्या रकमेभोवतीच्या किमतीत देऊन टाकत होतं. दोन्ही भाव खरे असू शकत नाहीत. बाजारभाव हा पुरावा मानायचा असेल तर १९२८ चा लिलावाचाही मानायला हवा, आणि तो मानला तर साऱ्यात वाढ नाही, घटच करावी लागेल! यावर कुणी म्हणेल की लिलावाचा भाव दबावाखालचा, तो खरा नव्हे. मान्य. पण मग तेजीच्या वर्षातला, कर्जाचं व्याज पोटात घेतलेला भाव तरी खरा कसा? त्यामागेही दबावच होता, सावकाराचा.

आपल्याकडची १८७५ ची आठवण इथे काढलीच पाहिजे. पुणे जिल्ह्यात सुप्याला १२ मे ला दंगा पेटला आणि तो पुणे-नगर भागात पसरला, शेतकऱ्यांनी सावकारांची खाती-कागद जाळले, आणि पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. तिथेही कोर्टाचे लिलाव होते, जमिनी जात होत्या. फरक कुठे? दख्खनमध्ये गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असायचं, ज्याने हुकूमनामा आणला तोच सावकार बोली लावणार, दुसऱ्या कुणाची ऐपत नाही नाहीतर हिंमत नाही, त्यामुळे लिलाव बिनबोभाट पार पडायचा आणि शेतकरी आपल्याच रानात कूळ म्हणून राबायचा. बारडोलीत धनको म्हणजे खुद्द सरकार, आणि सरकारला काही शेत कसायचं नव्हतं. गावातला सावकार-वाणी, जो एरवी पहिला हात वर करणारा, तो शपथेने बांधलेला. म्हणजे गावात पैसा होता, जमिनीची हावही माणसाला असतेच, पण बोली लावायची नाही हे ठरलेलं. शेजाऱ्याचं रान स्वस्तात मिळतंय आणि आपण हात वर करायचा नाही, कणबी माणसासाठी यापेक्षा कठीण परीक्षा कुठली असणार मला सांगा.

आणि बाहेरच्याने जमीन घेतली तरी पुढे काय? कसायला माणूस हवा. मजुरांनी सांगून टाकलं की विकलेल्या रानात आम्ही पाऊल टाकणार नाही. मिठूबेन, भक्तिबा आणि मणिबेन तर विकलेल्या जमिनींवरच झोपड्या टाकून राहिल्या. पाऊस सुरू झाला तसं जुन्या मालकांनी खालसा झालेल्या जमिनीत नांगर घातला, पेरण्या केल्या. आता खरेदीदाराच्या हातात फक्त कागद. पोलीस किती दिवस बांधावर बसवणार?

जुलैपर्यंत हे प्रकरण तालुक्याचं राहिलं नव्हतं. १२ जूनला देशभर बारडोली दिवस पाळला गेला. कन्हैयालाल मुन्शींनी आधी गव्हर्नरशी पत्रव्यवहार करून बघितला, स्वतः तालुक्यात फिरले, आणि शेवटी कायदे कौन्सिलचा राजीनामा दिला. इतरही काही गुजराती सभासदांनी दिला. मुंबईच्या एका इंग्रजी पेपरने बारडोलीत बोल्शेविक राज्य चालू आहे असं छापलं. गव्हर्नरने २३ जुलैला कौन्सिलपुढे १४ दिवसांची मुदत दिली, भाषा लष्करी होती. २ ऑगस्टला गांधीजी बारडोलीत पोचले, वल्लभभाईंना कुठल्याही क्षणी पकडतील म्हणून.

आणि मग ६ ऑगस्टला समझोता. तो कसा झाला हे फार मजेदार आहे, म्हणजे वाटाघाटी शिकणाऱ्याने नीट बघण्यासारखा. सरकारचं म्हणणं आधी वाढीव सारा भरा मग चौकशी, शेतकऱ्यांचं म्हणणं आधी चौकशी. सरकारचे अर्थमंत्री सर चुनीलाल मेहता मध्ये पडले. मधला रस्ता असा निघाला की वाढीव फरकाची रक्कम मुंबईच्या एका गृहस्थाने खजिन्यात भरायची, म्हणजे सरकार म्हणायला मोकळं की भरणा झाला, आणि शेतकरी म्हणायला मोकळा की मी नाही भरली. कौन्सिलच्या सुरतकडच्या सभासदांनी सरकारला एक पत्र दिलं, अटी पूर्ण होतील एवढंच, कोण करणार, कशा करणार, काही नाही. वल्लभभाईंना ते पत्र मोघम आहे हे पक्कं माहीत होतं आणि त्यांनी ते चालवून घेतलं, त्यांना सरकारची नाचक्की नको होती, चौकशी, कैद्यांची सुटका, तलाठ्यांच्या नोकऱ्या आणि जमिनी परत हव्या होत्या. "एकदा विकलेली जमीन परत मिळणार नाही" हे मे महिन्यातलं वाक्य ऑगस्टमध्ये गुंडाळून ठेवावं लागलं, सरकारने थेट नाही, मध्यस्थांमार्फत, खरेदीदारांकडून जमिनी जुन्या मालकांकडे परत आल्या. खरेदीदारांनी तरी का धरून ठेवाव्यात, जिथे नांगर चालत नाही ती जमीन घेऊन करणार काय?

चौकशीला आले ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल. ब्रूमफील्ड म्हणजे तेच न्यायाधीश ज्यांनी १९२२ ला अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती, त्यामुळे हे काही शेतकऱ्यांच्या प्रेमातले गृहस्थ नव्हते. शेतकऱ्यांची बाजू भुलाभाई देसाईंनी मांडली, महादेवभाई देसाई आणि नरहरी परीख कागद लावून द्यायला. गावोगाव जाऊन खातेदारांच्या उलटतपासण्या झाल्या, खंडाचे एकेक करारनामे काढून बघितले, आणि १९२९ च्या अहवालात निघालं की ज्या खंडाच्या आकड्यांवर सगळी इमारत उभी होती ते भरवशाचेच नाहीत, कुणी नीट तपासलेलेच नव्हते. ३० टक्के, २९ टक्के, २२ टक्के, आणि शेवटी शिफारस झाली ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे म्हशी कसायाला दिल्या, १,४०० एकर विकले, माणसं तुरुंगात घातली, ते सगळं ज्या आकड्यासाठी तो आकडाच चुकला होता.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपवतात, वल्लभभाई सरदार झाले, जय. मला पुढच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हे पूर्ण वाटत नाही.

पहिली म्हणजे १९३० ची. मिठाच्या सत्याग्रहानंतर बारडोलीने परत साराबंदी केली, या वेळी चौकशीसाठी नाही तर स्वराज्यासाठी. सरकारही १९२८ मधून शिकलं होतं. कितीतरी कुटुंबं तालुका सोडून शेजारच्या बडोदा संस्थानात गेली, घरं उघडी पडली, आणि या वेळी विक्री जास्त नेटाने झाली. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात स्पष्ट लिहिलं गेलं की जी स्थावर मालमत्ता तिसऱ्या माणसाला विकली गेली तो व्यवहार सरकारपुरता अंतिम. १९२८ ला जे मोघम पत्राने साधलं ते १९३१ ला लेखी कराराने गेलं. मालकांना आपलं रान परत बघायला १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ यावं लागलं, मोरारजी देसाई महसूलमंत्री, आणि १९३८ मध्ये जप्त जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला. तेच लोक, तोच तालुका, तोच कायदा. पण गिऱ्हाईक मिळालं आणि व्यवहार पक्का झाला की ती जमीन सोडवायला किती वर्षं लागतात ते यातून दिसतं.

दुसरी गोष्ट दुबळा मजुरांची. हे लोक हाळी, म्हणजे लग्नाला किंवा अडीनडीला पाटीदार-अनाविलांकडून पैसे घ्यायचे आणि मग पिढ्यान् पिढ्या त्याच घरी राबायचं. १९२८ ला विकलेल्या रानात आम्ही नांगर धरणार नाही असं म्हणून लिलाव मोडण्यात यांचा वाटा मोठा होता, पण यांच्या नावावर खातं नव्हतं, त्यामुळे यांची जमीन खालसा होण्याचा प्रश्नच नव्हता आणि परत मिळण्याचाही नव्हता. २२ चे ६ टक्के झाले त्यातला एक आणा यांच्या हाती आला नाही. बारडोलीत आश्रमांमधून जुगतराम दवे वगैरे कार्यकर्ते यांच्यात काम करत होते, १९३८ मध्ये त्याच तालुक्यात हरिपुऱ्याला सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, आणि त्यानंतर हाळ्यांना कर्जमुक्त करून रोजच्या मजुरीवर ठेवायचे करार झाले, पण मालकांनी ते फार काळ पाळले नाहीत. ज्या मालकांनी इंग्रज सरकारपुढे मान वाकवली नाही त्यांच्याच गोठ्यात, त्याच बंद दारांच्या आत, म्हशींबरोबर हे मजूरही होते, आणि पाऊस पडल्यावर खालसा झालेल्या जमिनीत जो नांगर चालला तो बहुतेक यांच्याच हातांनी चालला.